चार दिवसांत साफ केलेलं जंगल आणि पाद्र्यांच्या बायका: नॉर्मन कॅथेड्रलांची गोष्ट

इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या बिशपला लाकूड हवं होतं. वॉकेलिन त्याचं नाव, नॉर्मन माणूस, म्हणजे फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडीतला, राजा विल्यमच्या मर्जीतला. १०७९ साली त्याने जे नवीन चर्च बांधायला घेतलं ते एवढं अवाढव्य की छताला तुळया पुरेनात, म्हणून तो राजाकडे गेला आणि राजा म्हणाला, जवळच्या हेम्पेजच्या जंगलातून चार दिवस चार रात्री तुझी माणसं जेवढं तोडतील तेवढं घेऊन जा. राजाला वाटलं असणार दहावीस सुतार जातील, थोडीफार झाडं आणतील. वॉकेलिनने मिळतील तेवढे सगळे सुतार गोळा केले आणि चार दिवसांत अख्खं जंगल भुईसपाट केलं. नंतर राजा त्या बाजूने जाताना बघतो तर काय, इथे माझं छानपैकी जंगल होतं ते गेलं कुठे, माझं डोकं फिरलंय की कोणी चेटूक केलंय? भडकलाच. मग वॉकेलिन जुनापाना झगा चढवून हजर झाला, पायांवर लोळण घेतली, म्हणाला बिशपपद काढून घ्या पण तुमची मैत्री तेवढी राहू द्या. राजा विरघळला आणि म्हणाला, मी द्यायला जरा जास्तच उदार होतो आणि तू घ्यायला जरा जास्तच हावरट.

ही गोष्ट विंचेस्टरच्या मठाच्या बखरीतली, त्यामुळे बखरीत असतं तेवढं मीठमसाला धरूनच चला. पण एका बिशपला एवढं लाकूड का लागत होतं, हा प्रश्न खरा आहे. कारण वॉकेलिन एकटा नव्हता. १०६६ ला विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली, नॉर्मन लोक इंग्लंडचे मालक झाले आणि पुढच्या साधारण पन्नास वर्षांत त्यांनी तिथलं जवळजवळ प्रत्येक कॅथेड्रल पाडून नव्याने बांधायला काढलं. जवळजवळ सगळी, दोनेक पिढ्यांत. आणि त्याच वेळी चर्चचे नियम, पाद्र्यांचं लग्न, बिशप कोणी नेमायचा, कोर्ट कोणतं, हे पण उलटंपालटं केलं. आपण सहसा एक गोष्ट आर्किटेक्चरवाल्यांकडून ऐकतो आणि दुसरी इतिहासवाल्यांकडून, पण माझ्या मते ही एकच गोष्ट आहे, दगडाची आणि नियमांची मिळून.

आधी एक शब्द क्लिअर करू. कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च, असं आपण समजतो. तसं नाही. बिशपची खुर्ची जिथे ठेवलेली असते ते कॅथेड्रल, मग ते लहान का असेना, कारण लॅटिनमध्ये 'कॅथेड्रा' म्हणजे खुर्ची. बिशपच्या हाताखाली एक मोठा इलाखा असतो, त्यातली सगळी गावं, सगळे पाद्री त्याच्या अखत्यारीत. आणि बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नव्हे हं, तो मोठा जमीनदार असायचा, राजाला लढाईसाठी शिपाई पुरवायचा, दरबारात बसायचा. म्हणजे त्या खुर्चीवर आपला माणूस बसवणं हे राजाच्या दृष्टीने किल्ल्यावर आपला किल्लेदार बसवण्याएवढंच महत्त्वाचं.

आता नॉर्मन येण्याआधीचं चित्र. कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे बाकी बिशपांच्या वरचा बिशप, होता स्टिगंड. हा गडी कँटरबरी आणि विंचेस्टर अशा दोन खुर्च्या एकाच वेळी सांभाळत होता, म्हणजे दोन्हीकडचं उत्पन्न खिशात. कँटरबरीची खुर्ची त्याने घेतली तेव्हा आधीचा आर्चबिशप जिवंत होता, त्याला फक्त देशाबाहेर हाकललेलं होतं. आणि आर्चबिशपला पोपकडून जे मानाचं वस्त्र मिळतं ते याने ज्या पोपकडून आणलं तो नंतर बोगस ठरला! एवढा सोयीचा व्हिलन कुणाला मिळतो? विल्यमने पोपला आधीच पटवलं होतं की माझी स्वारी म्हणजे बिघडलेल्या इंग्लिश चर्चला सरळ करायची मोहीम आहे. १०७० मध्ये पोपचे दूत विंचेस्टरला आले आणि स्टिगंडची उचलबांगडी झाली.

इथे जरा थांबून सांगतो, कारण नॉर्मन बाजूचं वाचलं की असं वाटतं इंग्लंडमध्ये धर्म बुडालाच होता. तसं काही नव्हतं. तिथे चांगले मठ होते, सुंदर हस्तलिखितं होती, लोकांच्या भाषेत लिहिलेली प्रवचनं होती, जी त्या काळी युरोपात बाकी ठिकाणी फार सापडायची नाहीत. आणि गंमत म्हणजे नव्या स्टाइलचं पहिलं मोठं चर्च नॉर्मन येण्याआधीच उभं राहिलेलं, जुन्या राजा एडवर्डने बांधलेली वेस्टमिन्स्टर ॲबी, २८ डिसेंबर १०६५ ला तिचा सोहळा झाला, आठवड्याभरात एडवर्ड गेला, आणि पुढच्या ख्रिसमसला त्याच ठिकाणी विल्यमने मुकुट घातला.

पण सुधारणेचं वारं मात्र खरं होतं आणि ते रोमहून वाहत होतं. पोपच्या गोटातल्या लोकांचं मागणं थोडक्यात तीन गोष्टींचं. एक, चर्चची पदं पैसे देऊन विकत घ्यायची नाहीत, याला ते 'सायमनी' म्हणायचे, कारण बायबलमध्ये सायमन नावाचा एक जादूगार येशूच्या शिष्यांना पैसे देऊन त्यांची शक्ती विकत मागतो. दोन, पाद्र्यांनी लग्न करायचं नाही. यामागे पवित्रतेचा विचार होताच, पण व्यवहार पण होता, पाद्र्याला मुलं झाली की चर्चची जमीन हळूच मुलाच्या नावावर सरकते. आणि तीन, बिशपला अंगठी आणि दंड, म्हणजे हातातली मानाची काठी, राजाने द्यायची नाही, कारण ती आध्यात्मिक अधिकाराची खूण. पहिल्या दोन गोष्टी विल्यमला चालण्यासारख्या होत्या. तिसरी अजिबात नाही.

स्टिगंडच्या जागी विल्यमने जो माणूस आणला तो लॅनफ्रँक. मूळचा इटलीतल्या पाव्हियाचा, मोठा विद्वान, नॉर्मंडीत मंक म्हणजे मठात राहणारा संन्यासी झालेला, आता साठीच्या घरात आलेला आणि हे पद नकोच म्हणत होता. आला तर कँटरबरीचं कॅथेड्रल १०६७ च्या आगीत जळून पडलेलं. त्याने उरलंसुरलं पण पाडलं आणि सात वर्षांत नवीन उभं केलं, नॉर्मंडीतल्या कां (Caen) नावाच्या गावात तो आधी ज्या मठाचा प्रमुख होता त्या चर्चच्या नमुन्यावर. नुसता नमुना नाही, दगडसुद्धा तिकडचा. कांचा फिकट पिवळसर दगड खाणीतून काढायचा, होडीत भरायचा, समुद्र ओलांडून आणायचा. एवढा खटाटोप का, तर तो दगड मऊ असतो, त्याला नीट धारदार कडा येते आणि पाथरवटांना हाताखालचा माहीत होता. आणि जलमार्गाने माल आणणं बैलगाडीपेक्षा कितीतरी स्वस्त. नॉरिचला तर नदीपासून थेट बांधकामापर्यंत एक छोटा कालवाच खणला.

लॅनफ्रँकने एकीकडे भिंती उभ्या केल्या आणि दुसरीकडे सभा बोलवायला सुरुवात केली. १०७५ च्या लंडनच्या सभेत ठरलं की बिशपच्या खुर्च्या खेड्यात नकोत, शहरात पाहिजेत. मग सेल्सीची खुर्ची चिचेस्टरला, लिचफील्डची चेस्टरला, शेरबर्नची ओल्ड सेरमला. डॉर्चेस्टरची त्याआधीच लिंकनला गेलेली. कारण धर्माचं दिलं पण जरा बघा ना, या बऱ्याच शहरांत नॉर्मन लोकांनी नुकताच किल्ला बांधलेला होता. ओल्ड सेरमला तर कॅथेड्रल किल्ल्याच्या मातीच्या तटबंदीच्या आतच बांधलं. तिथला किस्सा भारी आहे, १०९२ ला थाटात उद्घाटन झालं आणि पाचव्या दिवशी वादळाने छप्पर उडवलं.

मग आला बायकांचा प्रश्न. इंग्लंडच्या खेड्यापाड्यात पाद्री म्हणजे गावातलाच माणूस, त्याला थोडी शेती, बायको, पोरं, आणि बापामागून पोरगा तेच काम करणार, कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आता एकदम सगळ्यांना बायका सोडा म्हटलं असतं तर रविवारी चर्चमध्ये उभं राहायला माणूस उरला नसता. लॅनफ्रँक हे ओळखून होता. १०७६ च्या विंचेस्टरच्या सभेत त्याने मधला रस्ता काढला: कॅथेड्रलमधल्या आणि मोठ्या चर्चमधल्या पाद्र्यांना बायको चालणार नाही, खेड्यातल्या ज्या पाद्र्यांचं लग्न आधीच झालंय त्यांना बायको टाकायची सक्ती नाही, पण ज्याचं झालं नाही त्याने आता करायचं नाही आणि इथून पुढे लग्न झालेल्याला पाद्री करायचं नाही. म्हणजे जुन्यांना सूट, नव्यांना नियम. आपल्याकडे पेन्शनच्या बाबतीत झालं तसंच.

पाळलं का लोकांनी? जेमतेम. कितीही नियम करा, घर कोण मोडतं? १०७६ नंतर पन्नासेक वर्षांनी, ११२९ मध्ये, परत एक सभा भरली आणि पाद्र्यांनी अमुक तारखेपर्यंत बायका सोडाव्यात असं ठरलं, अंमलबजावणी राजा पहिल्या हेन्रीकडे दिली, तर त्याने पाद्र्यांकडून पैसे घेतले आणि ठेवा बायका म्हणाला! हे ज्याने लिहून ठेवलंय तो इतिहासकार स्वतः चर्चमधला अधिकारी आणि एका चर्च अधिकाऱ्याचाच मुलगा होता, त्यामुळे त्याला आतली मजा माहीत असणार.

पैसे देऊन पद घेण्याचं पण तेच. हर्बर्ट लोसिंगा नावाच्या मंकने १०९१ च्या सुमारास विल्यमनंतर राजा झालेला त्याचा मुलगा विल्यम रूफस, त्याला पैसे मोजून स्वतःसाठी थेटफर्डचं बिशपपद घेतलं आणि वर बापासाठी विंचेस्टरच्या एका मठाचं प्रमुखपद. बोंबाबोंब झाली, याला पश्चात्ताप झाला, रोमला जाऊन पोपच्या पायाशी सगळं ठेवलं आणि पोपने माफ करून पद परत दिलं. आल्यावर त्याने खुर्ची नॉरिचला हलवली आणि १०९६ मध्ये तिथल्या कॅथेड्रलचा पाया घातला. तर नॉरिचचं ते देखणं कॅथेड्रल म्हणजे एका बिशपचं प्रायश्चित्त आहे, असं तिकडे सांगतात.

आता बांधकामाकडे येऊ, कारण मला खरं तर यातच जास्त रस आहे.

नॉर्मन भिंत बाहेरून बघितली की चिरेबंदी वाटते, सगळे घडीव दगड. पण ते फक्त दोन्ही अंगांना. मध्ये दगडगोटे, ठिकऱ्या आणि चुन्याची भर. म्हणजे सँडविच. चुना सावकाश सुकतो, आतली भर दबत जाते, म्हणून भिंत आणि खांब चांगले जाडजूड करायचे, हिशोब कुणी करत नव्हतं, शंका आली की अजून जाड. काम पूर्वेकडून सुरू व्हायचं, म्हणजे जिथे मुख्य वेदी, आपल्या भाषेत गाभारा म्हणा, तो आधी उरकायचा म्हणजे पूजाअर्चा चालू करता येते, आणि लांबलचक सभामंडप मागून वर्षानुवर्षं चालायचा. थंडीत चुना गोठतो म्हणून काम बंद, अर्धवट भिंतींवर गवत आणि शेण टाकून झाकायच्या.

आणि कधीकधी ते पडायचं पण! वॉकेलिनच्या विंचेस्टरचा मधला टॉवर ११०७ मध्ये कोसळला. सात वर्षांपूर्वी शिकारीत बाण लागून मेलेल्या राजा रूफसला बरोबर त्याच टॉवरखाली पुरलं होतं, आणि रूफस चर्चचा पैसा खाण्यासाठी बदनाम, त्यामुळे लोक म्हणाले, बघा, असल्या पाप्याला इथे पुरल्यावर दुसरं काय होणार. त्या काळातल्याच एका मंकने मात्र शांतपणे लिहून ठेवलंय की बांधकामच कच्चं असल्याने, राजाला तिथे पुरलं नसतं तरी तो पडू शकला असता. मला हा मंक फार आवडतो. विंचेस्टरची जमीन पाणथळ, खाली दलदलीची माती, आणि हे दुखणं इतकं जुनं की १९०६ पासून १९११ पर्यंत विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याने पाण्याने भरलेल्या काळ्याकुट्ट खड्ड्यांत रोज उतरून, नुसत्या हाताने चाचपत, कॅथेड्रलखाली काँक्रीटच्या २५,८०० गोणी रचल्या.

या सगळ्यातलं सगळ्यात हुशार काम झालं डरहॅमला, उत्तरेत, स्कॉटलंडच्या वाटेवर. ११ ऑगस्ट १०९३ ला पायाभरणी, ११३३ ला सभामंडपाचं छत पूर्ण, म्हणजे चाळीस वर्षं. तिथले मोठे गोल खांब जवळपास साडेसहा मीटर उंच आणि घेरही तेवढाच, आणि त्यावर कोरलेल्या नागमोडी रेघा, चौकटी, पीळ, एकेका जोडीला वेगळी नक्षी.

पण खरी कमाल वर आहे. तोपर्यंत एवढ्या रुंद चर्चवर सहसा लाकडी छत असायचं, आणि मेणबत्त्या, वीज, कशानेही आग लागायची. दगडी छत करायचं तर अडचण अशी की अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीवर ठरते, रुंदी वीस फूट तर उंची दहा, बास, त्यात बदल नाही. आता चार खांबांमधली एक चौकट घ्या. तिच्या कर्णावरची कमान सगळ्यात लांब, म्हणून सगळ्यात उंच जाणार, आणि बाजूंच्या कमानी आखूड म्हणून खाली राहणार. छत उंचसखल होणार. डरहॅमच्या गवंड्यांनी काय केलं, कर्णावरच्या कमानी अर्धगोलच ठेवल्या आणि सभामंडपावर आडव्या टाकलेल्या कमानींना वर टोक काढलं. टोकदार कमान रुंदी न वाढवता हवी तेवढी उंच करता येते. झालं, सगळे माथे एका पातळीत! शिवाय दगडी बरगड्या आधी उभ्या करायच्या आणि मधल्या जागा नंतर भरायच्या. आपल्याकडे स्लॅब टाकताना सेंट्रिंगवाले खाली लाकूड ठोकतात ना, तसं लाकूड तेव्हाही लागायचंच, प्रत्येक कमानीखाली साचा. आणि छताचा जोर भिंतीला बाहेर ढकलतो, तो पेलायला बाजूच्या माडीच्या छपराआड टेकू म्हणून कमानी लपवल्यात, खालून दिसत पण नाहीत. पुढे गॉथिक म्हणून जे जगभर गाजलं, जे फिरत फिरत मुंबईच्या सीएसएमटीपर्यंत आलं, त्याचे बरेचसे तुकडे इथे आधीच जमलेले दिसतात.

हे सगळं बघून सगळे खूश होते असं नाही. वूस्टरचा बिशप वुल्फस्टन हा इंग्रज, १०६६ च्या आधीपासूनचा, बाकी इंग्रज बिशप एकेक करून गेले आणि हा मात्र १०९५ पर्यंत टिकला. त्यालाही नवीन कॅथेड्रल बांधावंच लागलं, १०८४ मध्ये सुरू केलं. जुनं चर्च, जे संत ऑस्वल्डने बांधलेलं, ते पाडायला लागले तेव्हा तो रडायला लागला. लोक म्हणाले अहो, एवढं भव्य चर्च होतंय, आनंद माना. तो म्हणाला, आपण संतांची कामं पाडतोय ती स्वतःचं नाव व्हावं म्हणून, त्यांना असल्या इमारती बांधता येत नव्हत्या पण देवाला स्वतःला वाहून घेणं येत होतं. वाडा पाडून टॉवर होताना कोपऱ्यात उभ्या असलेल्या आजोबांसारखा तो मला वाटतो, फरक एवढाच की डेव्हलपर पण तोच.

संतांवरूनही वाद झाला. लॅनफ्रँकला इंग्रजांच्या स्थानिक संतांबद्दल शंका होती, उदाहरणार्थ एल्फेह. हा आर्चबिशप १०१२ मध्ये डेन, म्हणजे डेन्मार्कहून आलेल्या हल्लेखोरांच्या कैदेत होता, खंडणी भरून सुटला असता, पण आपल्या कुळांना पिळून पैसे नकोत म्हणाला आणि डेन लोकांनी दारूच्या नशेत त्याला बैलांची हाडं फेकून मारलं. लॅनफ्रँकचं म्हणणं, हा धर्मासाठी कुठे मेला, पैशावरून मेला. त्याचा शिष्य अँसेल्म म्हणाला, न्यायासाठी मेला तो ख्रिस्तासाठीच मेला. लॅनफ्रँकने ऐकलं.

हाच अँसेल्म पुढे कँटरबरीला आला, पण कसा, तर लॅनफ्रँक १०८९ ला गेल्यावर रूफसने चार वर्षं खुर्ची रिकामीच ठेवली, कारण खुर्ची रिकामी तोवर तिथलं उत्पन्न राजाला. १०९३ मध्ये रूफस आजारी पडला, मरणाच्या भीतीने घाईघाईत अँसेल्मला नेमलं, अँसेल्म नको नको म्हणत मूठ आवळून बसला आणि बाकीच्या बिशपांनी दंड त्याच्या मुठीवर दाबून धरला. राजा बरा झाला आणि भांडणं सुरू. अँसेल्म दोनदा देशाबाहेर गेला, शेवटी ११०७ मध्ये पहिल्या हेन्रीबरोबर तडजोड झाली: अंगठी आणि दंड राजा देणार नाही, पण जमिनीसाठी बिशपने राजापुढे निष्ठेची शपथ घ्यायचीच. निवडीत राजाचं वजन होतं तेवढंच राहिलं.

परत डरहॅमला जाऊ, कारण दगड आणि नियम एकमेकांत कसे चिणले जातात ते तिथे पायाखाली दिसतं. तिथे संत कथबर्टची समाधी, आणि तिची सेवा करणारे पाद्री बायकापोरांसकट राहायचे, पिढ्यानपिढ्या. १०८३ मध्ये बिशप विल्यमने, म्हणजे पुढे कॅथेड्रल सुरू करणाऱ्यानेच, जॅरो आणि वेअरमथच्या मठांतून २३ मंक आणले आणि या कुटुंबवाल्यांना सांगितलं, मंक व्हा नाहीतर निघा. सगळे निघाले. राहिला एकच, त्यांचा प्रमुख, तो पण मंक झालेल्या मुलाने समजावलं म्हणून. दहा वर्षांत त्यांचं जुनं चर्च पण पाडलं.

मग मंक लोकांनी एक गोष्ट पसरवायला सुरुवात केली की संत कथबर्टला बायकांचं वावडं होतं, अमुक बाई त्याच्या आवारात शिरली आणि वेडी झाली, वगैरे. कॅथेड्रलच्या फरशीत, सभामंडपाच्या मागच्या टोकाला, काळ्या संगमरवराची एक पट्टी बसवलेली आहे, बायकांनी तिच्या पुढे यायचं नाही असा तेव्हा नियम होता. पुढे ११७० च्या दशकात बिशप ह्यू द पुइसेने मेरीचं एक चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, पूर्वेला, समाधीच्या बाजूला बांधायला घेतलं, जमीन खचली, भिंतींना तडे गेले, झालं, कथबर्टला आवडलं नाही म्हणून ते उचलून पश्चिमेच्या टोकाला नेलं, बायका तिथपर्यंत येऊ शकत होत्या.

आता खरा कथबर्ट. तो सातव्या शतकातला, आणि त्याचं चरित्र बीड नावाच्या मंकने लिहिलंय. त्यात मठांच्या प्रमुख बायकांशी त्याचं चांगलं जमायचं, त्यांच्याकडे जाऊन तो जेवायचा, आणि व्हर्का नावाच्या एका मठप्रमुख बाईने दिलेलं तागाचं कापड त्याने जपून ठेवायला सांगितलं, मेल्यावर मला यात गुंडाळा म्हणून. तसंच पुरलं त्याला. बीडची हाडं १३७० पासून त्याच पश्चिमेच्या चॅपलमध्ये आहेत, बायकांसाठी बांधलेल्या.